प्रोजेक्टर : विकत घ्यावा की घरी जोडावा?

गेली सत्तावीस वर्षं मी ग्रँट रोडला प्रोजेक्टर दुरुस्त करतो. आधी शाळांचे, बँकांचे आणि हॉलचे यायचे, आता घरांतलेही येतात. पावसाळा लागला, मॅचचा हंगाम आला किंवा दिवाळीचे सेल जाहीर झाले की वाचकांची तीच पत्रं येतात. कुणी दोनशे रुपयांत थिएटर होतं असा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणी आठ हजारांत नऊ हजार ल्यूमेनची (ल्यूमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) जाहिरात पाहिलेली असते. या वेळी निवडक प्रश्न घेतले आहेत. ज्यांनी खोलीचं माप लिहिलेलं नाही त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण माप नसताना दिलेला सल्ला म्हणजे अंदाज.

प्रश्न : बुटाचं खोकं, भिंग आणि मोबाइल एवढ्यावर शंभर इंची चित्र पडतं असं पाहिलं. खरं आहे का? (एक वाचक, भांडुप)

चित्र पडतं, पण ते दिसण्याइतका उजेड नसतो. मोबाइलचा अख्खा स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २० ल्यूमेन उजेड टाकतो. एक मेणबत्ती सुमारे १२ ल्यूमेनची असते, त्यावरून अंदाज घ्या. त्यातला विसावा भाग भिंगात शिरला, तर भिंतीवर पोचतो एखादा ल्यूमेन. शंभर इंची चित्राला मिट्ट काळोखातही ५०० लागतात. शिवाय मोबाइल उलटा ठेवून चित्र सरळ झालं, तरी अक्षरं आरशातल्यासारखीच दिसतात. मुलांना भिंगाचा गुण समजावायला हा खेळ छान आहे. पण त्याच्या भरवशावर घरातला टीव्ही विकू नका.

प्रश्न : माझं बजेट १५ हजार आहे. ऑनलाइन एलसीडी पॅनल, १०० वॉटचा एलईडी आणि लेन्स असा संच मिळतो. दुसरीकडे तयार प्रोजेक्टर ‘९००० ल्यूमेन, फोर-के सपोर्टेड’ म्हणून आठ हजारांत मिळतो. काय घेऊ? (एक वाचक, मुलुंड)

दोन्ही वस्तू आतून एकच आहेत, हे आधी लक्षात घ्या. त्या आठ हजारांच्या डब्याचे चार स्क्रू काढले, तर आत एक एलईडी, दोन फ्रेनेल लेन्स (उजेड एकवटणारी चपटी भिंगं), मध्ये एक छोटं एलसीडी पॅनल आणि पुढे काचेची लेन्स निघते. तुमच्या संचात नेमकं हेच आहे, फक्त डबा तुम्हाला करायचा आहे. पंखा, हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) आणि वाया गेलेला एखादा पॅनल धरला, की संच तयार मालापेक्षा महाग पडतो. त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी घरी जोडायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आता उजेडाचं बघू. १०० वॉटचा एलईडी कागदावर आठ-दहा हजार ल्यूमेन देतो, आणि विक्रेता तोच आकडा खोक्यावर छापतो. त्यातला बराचसा उजेड आजूबाजूला सांडतो आणि पॅनलपर्यंत पोचतच नाही. जो पोचतो त्यातला निम्म्याहून जास्त पहिला पोलरायझर, म्हणजे पॅनलला चिकटलेली उजेड गाळणारी पट्टी, खातो. उरलेल्यातला दोन तृतीयांश पॅनलवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या खातात. शेवटी लेन्स आपला वाटा घेते. पडद्यावर २०० ते ३०० ल्यूमेन आले तर जोडणारा कसबी म्हणायचा. नऊ हजार हा दिव्याचा आकडा आहे आणि तुम्हाला हवा आहे पडद्याचा. तो ‘ॲन्सी ल्यूमेन’ किंवा ‘आयएसओ ल्यूमेन’ असा लिहिलेला असतो. नुसतं ‘ल्यूमेन’, ‘एलईडी ल्यूमेन’ किंवा ‘लक्स’ (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) लिहिलं असेल तर तो आकडा विसरून जा.

‘फोर-के सपोर्टेड’ ही दुसरी फसवणूक. याचा अर्थ एवढाच, की फोर-के सिग्नल आत गेला तर यंत्र तो नाकारत नाही. दाखवताना ते १२८० बाय ७२० किंवा त्याहून कमी ठिपक्यांत दाखवतं. ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’ (यंत्राचे स्वतःचे ठिपके) किती, एवढंच विचारा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुकानातून बाहेर पडा.

घरी आणल्यावर मोजून बघा. खोलीत काळोख करून पूर्ण पांढरं चित्र लावा. चित्राचे तीन बाय तीन असे नऊ समान चौकोन कल्पा, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मीटर धरा आणि नऊ आकड्यांची सरासरी काढा. तिला चित्राच्या चौरस मीटरांतल्या क्षेत्रफळानं गुणा. आलेला आकडा म्हणजे तुमचे खरे ल्यूमेन. ८० इंची चित्राचं क्षेत्रफळ १.७६ चौरस मीटर, १०० इंचीचं २.७६. मोबाइलवरचं लक्स ॲप ढोबळच मोजतं, पण नऊ हजार आणि दोनशेतला फरक तेही दाखवतं. आकडा फारच कमी आला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि खोकं जपून ठेवा. विक्रेता ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे. लोक ती वापरत नाहीत, म्हणून हे खोटे आकडे वर्षानुवर्षं छापले जातात, याची मला खरोखर चीड आहे.

तुमच्या १५ हजारांत मी ऑफिसमधून निघालेला, तीन पॅनलचा जुना प्रोजेक्टर बघेन. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा पॅनल असतो, त्यामुळे रंगीत गाळण्यांत उजेड मरत नाही. मात्र घेण्याआधी तो जाणकाराला दाखवा. खाली कुर्ल्याच्या वाचकांना दिलेलं उत्तरही वाचा.

प्रश्न : पडदा घ्यावा लागेल की भिंत चालेल? (एक वाचक, दादर)

भिंत सपाट आणि मॅट पांढरी असेल तर चालेल. आधी बाजूनं टॉर्च मारून खड्डे बघा. चादर मात्र नको. लहानपणी गणपतीत आमच्या गल्लीत कापड बांधून सिनेमा दाखवत आणि पुढे जागा मिळाली नाही की आम्ही मागं बसून उलटा सिनेमा पाहायचो. मागं दिसत होता तो सगळा उजेड पुढच्यांच्या वाट्यातून गेलेला. कापडच लावायचं तर मंगलदास मार्केटमधून ब्लॅकआउटचं जाड पांढरं कापड आणा.

प्रश्न : चाळीतली खोली आहे, १० बाय १२ फूट. १२० इंची चित्र करायचं आहे. (एक वाचक, लालबाग)

करू नका. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ धरला तर १२० इंची चित्राला लेन्सपासून भिंतीपर्यंत साडेदहा फूट लागतात. यंत्राची लांबी आणि मागची वायर धरली की बारा फूट संपले. १०० इंचीला पावणेनऊ फूट पुरतात. पण १०० वरून १२० वर गेलात की तोच उजेड जवळपास दीडपट जागेवर पसरतो आणि चित्र तेवढं फिकं पडतं.

आधी भिंतीवर खडूनं १७७ बाय १०० सेंटीमीटरचा चौकोन काढा. हे झालं कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ८० इंची. जेवायला बसता तिथून दोन दिवस त्याच्याकडे बघा. बहुतेकांचं त्यातच समाधान होतं. प्रोजेक्टर भिंतीला काटकोनात बसला पाहिजे. वाकडा ठेवून कीस्टोननं (मेनूतल्या चित्र सरळ करायच्या सोयीनं) सरळ केलेल्या चित्रात ठिपके फुकट जातात. छताला टांगायचा असेल तर जुन्या चाळीच्या छताला स्वतः ड्रिल लावू नका. आधी तुळई कुठे आहे ते माहीतगार सुताराला विचारा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. सुट्टीत त्याला प्रोजेक्टर बनवायचा आहे. व्हिडिओत कुणी एलईडी वापरतं, कुणी ४०० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा. सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवायचं आहे. मिस्टर म्हणतात, करू दे, शिकेल. (एक वाचक, विक्रोळी)

ताई, मुलाला शिकायचं आहे याचा मला आनंद आहे. मीही असाच मोडतोड करत शिकलो. पण हे उत्तर तुमच्या मिस्टरांनाही वाचून दाखवा.

मेटल हॅलाइड घरात आणायचाच नाही. तो पेटवायला इग्नायटर काही हजार व्होल्टचा झटका देतो. बाहेरची काच फुटली आणि दिवा जळतच राहिला, तर त्यातून अतिनील किरण निघतात. त्यांनी डोळे भाजतात, आणि ते त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात हे देऊ नका.

एलईडी बराच सुरक्षित आहे, पण तोही खेळणं नाही. १०० वॉटपैकी निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाते, आणि ती निघते तळहाताहून लहान पट्टीतून. पंखा बंद पडला की काही मिनिटांत पट्टी हात लावता येणार नाही इतकी तापते. पॅनल साधारण साठ-सत्तर अंशांपुढे गेलं की चित्रात काळे डाग येतात. डागांचं दुःख नाही, पॅनल बदलता येतं. पण भोवती पुठ्ठ्याचं खोकं आहे, वर लाकडी माळा आहे आणि माळ्यावर गाद्या आहेत. म्हणून खोकं धातूचं करा. हीट सिंकवर उष्णता वाढली की वीज तोडणारा थर्मल कटऑफ बसवा. आणि एलईडीकडे सरळ बघू नका, एक सेकंदही नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. लोकांना वाटतं, प्लग काढला की धोका संपला. तसं नसतं. आपली वीज २३० व्होल्टची. पॉवर सप्लायच्या आत ती डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, सुमारे ३२५ व्होल्टला. प्लग काढल्यावरही ती तिथे काही काळ राहते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलानं प्लग काढलेल्या प्रोजेक्टरमध्ये बोट घातलं आणि स्टुलावरून मागं फेकला गेला. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, सात टाके पडले. मी चार पावलांवर उभा होतो आणि त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगतो.

दुसरं अर्थिंगचं. धातूचं खोकं करा म्हटलं, पण त्याला अर्थिंग नसेल तर आतली एक सुटी तार अख्खं खोकं जिवंत करते. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागं अर्थची तार जोडलेलीच नसते. पिना मोजून समाधान मानू नका, परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. घरात ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, मग प्रोजेक्टरचं बोला.

त्याला बनवायचाच असेल तर असं करा. ड्रायव्हर उघडा घेऊ नका, बंद डब्यातला आणि बीआयएसची खूण असलेला घ्या. २३० व्होल्टची बाजू जाणत्या माणसानं जोडावी. लेन्सची अंतरं, फोकस, पंख्याची दिशा आणि पॅनल हे सगळं मुलाला करू दे. खरं शिकणं त्यातच आहे. पहिल्यांदा चालू करण्याआधी शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना किंवा जवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. आणि मोठं माणूस खोलीत नसताना ते चालू राहता कामा नये.

प्रश्न : चोरबाजारात जुना प्रोजेक्टर सहा हजारांत मिळतोय. ‘लॅम्प नवीन टाकलाय’ म्हणतात. (एक वाचक, कुर्ला)

मेनूत जाऊन लॅम्पचे तास बघा. पण तो आकडा शून्यावर आणता येतो, म्हणून त्यावरही विसंबू नका. या दिव्यांचं आयुष्य म्हणजे उजेड निम्मा होईपर्यंतचे तास, साधारण तीन ते पाच हजार. दुकानातच अर्धा तास चालवून बघा. पांढऱ्या चित्रात पिवळा किंवा निळसर डाग दिसतो का, पंखा घरघरतो का ते पाहा. त्या मॉडेलचा लॅम्प आज लॅमिंग्टन रोडवर केवढ्याला मिळतो ते आधी विचारा. कधी कधी लॅम्पच प्रोजेक्टरहून महाग निघतो. १०२४ बाय ७६८ चा असेल तर रुंद पडद्याच्या सिनेमात त्याचे पाव ठिपके वाया जातात. त्यापेक्षा १२८० बाय ८०० चा शोधा. या दिव्यात पारा असतो. घरी फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि काचा हातानं उचलू नका. जाणकार सोबत नसेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : गच्चीवर सोसायटीसाठी मॅच दाखवायची आहे. घरचं सबस्क्रिप्शन चालेल ना? (एक वाचक, बोरिवली)

नाही. ते फक्त घरापुरतं असतं. आधी मॅच दाखवणाऱ्या कंपनीला परवानगीचं विचारा.

प्रश्न : प्रोजेक्टर टीव्हीच्या जागी वापरता येईल का? दिवसभर घरात माणसं असतात. (एक वाचक, दहिसर)

ट्यूबलाइट चालू असताना भिंतीवर शंभर लक्सच्या आसपास उजेड असतो, आणि ५०० ल्यूमेनचं शंभर इंची चित्र भिंतीवर १८० लक्स टाकतं. चित्रातल्या काळ्या भागावरही ट्यूबचा उजेड पडतो, म्हणून सगळं धुतल्यासारखं दिसेल. टीव्हीच घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी तयार प्रोजेक्टर घेतला. गेल्या पावसाळ्यापासून कोपऱ्यात पिवळा डाग आहे. तासाभरानं जळका वास येतो, मग बंद करून थोड्या वेळानं परत लावतो. पंख्यात फुंकर मारावी असं कुणी सांगितलं. दुरुस्त होईल का? (एक वाचक, परळ)

गेल्या पावसाळ्यापासून म्हणजे किती महिने झाले ते मोजा. एवढे दिवस वास येतोय आणि तुम्ही घरच्या माणसांना त्याच खोलीत बसवून सिनेमा बघताय. आता परत लावायचा नाही. प्लग काढून ठेवा.

डाग म्हणजे बहुधा पोलरायझर भाजला आहे. दमट हवेत धूळ फिल्टरवर चिकटते, हवा अडते आणि आतली उष्णता बाहेर निघत नाही. त्या वेळी आला असता तर फिल्टर साफ करून भागलं असतं. आता पोलरायझर तरी बदलावा लागेल, आणि वास तारेचा किंवा ड्रायव्हरचा असेल तर तेही. ते उघडल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणि धूळ आत जाते. स्वतः उघडूही नका, कपॅसिटरबद्दल वर लिहिलं आहे. याच आठवड्यात दुरुस्तीवाल्याकडे न्या. सोबत मूळ अडॅप्टर, पॉवर केबल आणि रिमोट न्या. वास नेमका किती मिनिटांनी येतो आणि तेव्हा पंखा फिरत असतो का, हे आठवून कागदावर लिहून ठेवा.