लहान मुलाने पीठ जास्त मळलं म्हणून कुकीज चपट्या होतात का?

नाही. तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन कुकीज केल्या, सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या आणि 'त्यानेच पीठ फार मळलं' असं घरात ठरलं. हे 'ठरलं' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आमच्याकडे आठ वर्षांपूर्वी हेच झालं. लेक तेव्हा सात वर्षांची. ओव्हन तापत ठेवलेला आणि बटर फ्रीजमधून काढायचंच राहिलेलं. मी म्हटलं, तासभर थांबू. नवरा म्हणाला, तासभर कोण थांबतंय, आणि वाटी मायक्रोवेव्हमध्ये सरकवली. बटर बाहेर आलं ते तेलासारखं पातळ. त्यातच साखर, अंडं, मैदा. लेक दोन्ही हातांनी कालवतेय, नाकाला पीठ लागलंय, स्वारी एकदम खूश. पहिला ट्रे काढला तर बारा कुकीजची मिळून एकच झालेली. दुसरा घाणा त्याच तापलेल्या ट्रेवर घातला, त्याच्या कडा करपल्या. "तू फार मळलंस ना, म्हणून," नवरा सहज बोलून गेला. सहज! पोरीने हात धुतले आणि बाहेर जाऊन बसली. पुढे कित्येक महिने कुकीज करायच्या म्हटलं की तिचं एकच, "मी नुसती बघते."

आता ऐका. जास्त मळल्याने मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं चिकट प्रथिन, वाढतं आणि कुकी चिवट, दडस होते. असं पीठ झालंच तर कमी पसरतं, जास्त नाही. म्हणजे आरोपच उलटा. पसरते ती बटरमुळे. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. गार बटर ओव्हनमध्ये वितळेपर्यंत कुकीच्या कडा धरायला थोडा वेळ मिळतो, आधीच वितळलेलं असेल तर तो मिळत नाही. शिवाय मऊ बटर साखरेबरोबर फेटलं की त्यात हवा कोंडली जाते आणि सोडा तेच बुडबुडे फुगवतो. पातळ बटरमध्ये हवा टिकत नाही, मग सोडा फुगवणार काय?

म्हणून बटर बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट सरळ आत जाऊ नये, इतकंच मऊ हवं. गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये. प्रत्येक घाण्याला गार ट्रे. आणि मैदा वजनावर घ्या, कारण एकाच कपात कधी 120 ग्रॅम बसतो, कधी दाबून भरला तर 150. हे वजन करायचं काम मुलालाच द्या. काट्यावरचा आकडा पुरा करायला मुलांना फार आवडतं आणि मग दोष द्यायला कोणाला जागाच उरत नाही.

मागच्या वर्षी मी सोक्षमोक्ष लावला. एकच कृती, दोन घाणे. एकात मऊ बटर, आणि ते पीठ लेकीने मुद्दाम रगडून मळलं. दुसऱ्यात वितळवलेलं बटर, जेमतेम कालवलेलं. रगडलेल्या कुकीज जरा चिवट झाल्या, पण गुबगुबीत. दुसऱ्या सपाट. नवऱ्याने सपाटातल्या चार खाल्ल्या आणि "या कुरकुरीत झाल्यात" म्हणून विषय बदलला.

खरं सांगायचं तर वितळवलेलं बटर म्हणजे पाप नाही. काही लोक ते मुद्दाम वापरतात, पण मग पीठ बराच वेळ, कधी रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवतात. हे मला नवऱ्यानेच वाचून दाखवलं. त्याने त्या दिवशी दहा मिनिटंसुद्धा ठेवलं नव्हतं, ते मात्र त्याला आठवत नाही.

अजून एक, मुलाला कच्चं पीठ चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी नाही, कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.

तापमानाचं विचारलं होतंत, ते राहिलंच. 180 अंश, दहा-बारा मिनिटं, पण प्रत्येक ओव्हन वेगळा, त्यामुळे घड्याळापेक्षा कडांकडे बघा. कडा सोनेरी आणि मधला भाग अजून कच्चा वाटतोय तेव्हाच बाहेर काढा आणि पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, तिथे त्या आवळतात. बिनअंड्याच्या कुकीजचं मला विचारू नका, मी केलेल्या नाहीत.