वाचक विचारतात: मणक्यात ‘गॅप’ आलाय म्हणे!

मागच्या वेळी गुडघ्यांवर लिहिलं तर निम्मी पत्रं कमरेचीच आली. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, चार घेतलीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करणारी नव्हे, त्यामुळं माझा कल कुठं असणार ते ओळखूनच वाचा. तरीपण पहिलं पत्र मुद्दाम पहिलं ठेवलंय.

प्रश्न (उचगाव, वय २९): मी पार्सल डिलिव्हरी करतो, दिवसभर गाडीवर. दोन महिने कमरेतनं डाव्या पायात करंट मारल्यासारखं दुखायचं, झोप नव्हती. गेल्या आठवड्यापास्नं दुखणं एकदम कमी झालंय, फक्त चालताना डाव्या पायातली चप्पल आपोआप निसटूलालीय आणि पायरीला अंगठा अडकतो. आता एमआरआयची गरज आहे काय? घरचे म्हणतात बरं झालंय की, कशाला पैसे घालवतोस.

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला, पण हे इथं छापतेय कारण अजून दहाजण असंच खूश होऊन घरी बसलेले असतील. दुखणं गेलं आणि पायातली ताकद पण गेली, तर ते बरं होणं नव्हे, पायाला ताकद देणारी शीर (नस) इतकी दबलीय की तिचं काम बंद पडायला लागलंय. घरच्या घरी बघायचं असेल तर भिंतीला हात टेकून फक्त टाचांवर चार पावलं चाला, एका पायाचा पंजा वर उचलूनच येत नसेल तर सिव्हिल असो, बेळगावचं केएलई हॉस्पिटल असो, नाहीतर तुमचे नेहमीचे हाडांचे डॉक्टर असोत, त्याच दिवशी दाखवायचं. इथं एमआरआय लागतो आणि ऑपरेशनचा विचारपण होतो, माझ्या व्यायामाची ही जागा नव्हे.

याच्याहून घाईचं आणखी एक आहे, ते सांगायला लोक लाजतात म्हणून स्पष्ट लिहिते. सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथं बधिर वाटायला लागलं, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला असलं तरी निघायचं. असं फार कमी जणांना होतं, पण उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा मागं लागू शकतो.

प्रश्न (वडगाव, वय ४६): मी मागावर काम करतो, पंचवीस वर्षं झाली. बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) उचलताना कट्ट झालं आणि आता उजव्या पायात मांडीपास्नं पोटरीपर्यंत दुखूलालंय, पाच आठवडे झाले. एमआरआयमध्ये ‘एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅक इंडेंटेशन’ असं लिहिलंय. एकजण म्हणाला मणक्यात गॅप पडलाय, एकजण म्हणाला गादी सरकलीय, मेव्हणा म्हणतो ऑपरेशन केलास तर कायमचा बसशील. पायात ताकद आहे, चप्पल निसटत नाही. मी काय करू?

उत्तर: दादा, आधी ते ‘गॅप’ काढून टाकूया. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, अशा २३ चकत्या आहेत आपल्या पाठीत. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी चिवट कडी, आत घट्ट जेलीसारखा गर. वय होईल तसं त्यातलं पाणी कमी होतं, चकती चपटी होते, म्हणजे खरं बघितलं तर मणक्यांतलं अंतर वाढत नाही, कमी होतं! सरकत वगैरे पण काही नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. हवा कमी झालेल्या सायकलवर डबलसीट घेतलं की टायर खालून बाजूला फुगतो की नाही, तो बल्ज. टायर एका जागी चिरून ट्यूब बाहेर डोकावली तर ते हर्निएशन. ‘एल-४, एल-५, एस-१’ ही कमरेच्या खालच्या मणक्यांची नावं, ‘डिफ्यूज’ म्हणजे एका जागी नव्हे, पसरलेला. तुमच्या रिपोर्टात फुगवटा आहे, चीर लिहिलेली नाही. ‘थीकल सॅक इंडेंटेशन’ म्हणजे नसांच्या पिशवीला त्या फुगवट्याचा थोडा दाब लागलाय एवढंच.

आता जे मी प्रत्येक पेशंटला सांगते ते. १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचा एमआरआय काढला, कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचा, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना, ५२ टक्क्यांना, कुठं ना कुठं बल्ज निघाला. पुढं २०१५ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून ३,११० न दुखणाऱ्या लोकांचा हिशोब मांडला, विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांना बल्ज! म्हणजे तुमच्या गल्लीतल्या सगळ्या धडधाकट माणसांना मशीनमध्ये घातलं तरी निम्म्यांच्या हातात तुमच्यासारखाच कागद येईल. म्हणून माझ्याकडं कोणी एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी घेऊन आला की मी फिल्म बाजूला ठेवते आणि विचारते, पाय काय म्हणतोय? कुठंपर्यंत दुखतं, कशानं वाढतं, बधिर कुठं आहे, ताकद किती आहे. रिपोर्ट आणि पाय जुळले तरच रिपोर्टाला किंमत.

मग दुखतं कशानं? नुसत्या दाबानं नाही, त्या जागी शीर सुजते, चिडते. सूज उतरली की बल्ज आहे तसा राहूनसुद्धा दुखणं जातं. आणि गंमत अशी की चीर पडून बाहेर आलेला मोठा तुकडा असतो ना, ज्याला लोक जास्त घाबरतात, तो शरीर परकं समजून हळूहळू खाऊन टाकतं, साध्या बल्जपेक्षा तो विरघळायची शक्यता जास्त. बहुतेकांचं पायाचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत चांगलं उतरतं, तुमचे पाच झालेत.

ऑपरेशनला माझा विरोध नाही, मेव्हण्यानं सांगितलं तसं ‘कायमचा बसशील’ हे खोटं आहे. नेदरलँड्समध्ये चकतीमुळं पाय जोरात दुखणाऱ्या २८३ जणांना दोन गटांत वाटलं, एकाचं लवकर ऑपरेशन आणि दुसऱ्याला आधी थांबवून उपचार, ते २००७ साली छापून आलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर सुटला हे खरं, पण वर्षानंतर दोन्ही गट सारखेच, ९५ टक्के बरे. थांबलेल्यांतल्या ३९ टक्के लोकांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, तेपण सांगायला पाहिजे नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्यामुळं ताकद शाबूत असेल तर थांबायला तुम्हाला वाव आहे, आणि तीन महिने झाल्यावरपण पाय जगू देत नसेल तर सर्जनकडं जाण्यात हार वगैरे काही नाही.

तोपर्यंत करायचं काय. आडवं पडून राहू नका, फार तर एक-दोन दिवस. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही, बादली नाही, बूट नाही, बीम तर नाहीच, कारण रात्रभर चकती पाणी शोषून फुगलेली असते (सकाळी आपण संध्याकाळपेक्षा दीडेक सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळंच) आणि तेव्हा वाकलं की तिच्यावर जास्त ताण येतो. पालथं झोपा, दोन-तीन मिनिटं, मग कोपरांवर छाती उचला, जमलं तर हातांवर, कंबर सैल सोडून, दहा वेळा, दिवसातनं तीन-चारदा. यात खूण एकच बघायची: पोटरीतलं दुखणं वर मांडीत, मांडीतलं कुल्ल्यात आलं तर बरोबर चाललंय, कमरेत थोडं वाढलं तरी चालेल, पण दुखणं खाली पायाकडं उतरायला लागलं तर लगेच थांबवा, तुमच्यासाठी तो व्यायाम नव्हे आणि कोणाला तरी दाखवून दुसरा घ्या. चालायला येळ्ळूर रोडला जाता येतंय ना सकाळचं, दहा मिनिटांपासून सुरू करा. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर, कंबरदुखीतून बरं झालेल्यांवर, चालण्याचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये आला तो, चालणाऱ्यांतल्या निम्म्यांची कंबर परत धरायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांतल्या निम्म्यांची ११२ दिवसांतच. फुकटचं औषध आहे, म्हणून कोणी घेत नाही.

गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण एक सांगते, ‘नसांची गोळी’ म्हणून प्रीगाबालिन सर्रास मिळते, सायटिकात (कमरेतनं पायात उतरणाऱ्या दुखण्यात) ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त चालली नाही असं २०१७ च्या एका चांगल्या अभ्यासात दिसलं, चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर आपलं आपण एकदम तोडू नका, विचारून कमी करा. पाठीतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना थोडे आठवडे आराम देतं, तेवढ्यात व्यायाम सुरू करता आला तर उपयोग. आणि बीम, दादा, तो दोघांनी उचला. पंचवीस वर्षं एकट्यानं उचललात, आता पोराला हाक मारा.

प्रश्न (निपाणी, वय ३८): ताई, मी बिड्या वळते. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसून असते, उठताना कंबर धरते आणि मग सरळ व्हायला वेळ लागतो. पायात काही नाही. डॉक्टर म्हणाले बसायचं काम बंद कर. हजार बिड्यांवर पैसे मिळतात, बंद करून कसं चालंल?

उत्तर: काम बंद कर हे सांगणं सोपं, सांगणाऱ्याला हजाराचा हिशोब करायचा नसतो. बंद नको, मोडून मोडून करा. खाली वाकून बसलं की चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो आणि तास-तास बसलं की मागची कडी ताणलेलीच राहते. बुडाखाली जाड घडी केलेली चादर किंवा पाट घ्या, कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर आले पाहिजेत, पाठ भिंतीला आणि कमरेच्या खोलगटात जुन्या लुगड्याची गुंडाळी. सूप मांडीवरून उचलून छोट्या स्टुलावर ठेवता आलं तर मान पण वाचेल. बिड्यांचा एक कट्टा (जुडी) बांधून झाला की उठायचं, कमरेवर दोन्ही हात ठेवून मागं वाकायचं पाच-सहा वेळा, परत बसायचं, अर्धं मिनिट जातं, त्यानं हजार कमी होत नाहीत.

हे मागं वाकायचं ज्यांच्यामुळं आमच्या धंद्यात आलं ते न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी, १९५६ सालची गोष्ट. पायातल्या दुखण्याचा एक पेशंट त्यांनी आत पाठवला, पालथा झोप म्हणून. पलंगाची डोक्याकडची बाजू आधीच्या माणसासाठी वर उचललेली होती, ती कोणी खाली केलीच नव्हती, हा गडी तसाच कमान करून पालथा पडला आणि पाचेक मिनिटांनी मॅकेन्झी घाबरत बघायला आले तर तो म्हणतो पाय कित्येक दिवसांत इतका बरा नव्हता. त्या काळात असं झोपवणं धोक्याचं समजायचे. सगळ्यांना चालत नाही हे, पण दिवसभर पुढं वाकून बसणाऱ्यांना बऱ्याचदा चालतं, तुम्ही करून बघा.

प्रश्न (खानापूर तालुका): आईचं वय ६८. दोन महिने पाठ दुखते, रोप लावणीला वाकल्यापासून. शेजारच्या गावात एक हाडवैद्य मणका बसवतो म्हणतात, तिथं नेऊ काय? पट्टा, ट्रॅक्शन, फळीवर झोपणं यातलं काय करू?

उत्तर: पट्टा कामापुरता, दिवसभर नको. ट्रॅक्शनवर (वजन लावून कंबर ताणण्यावर) पैसे घालवू नका, फायदा दिसलेला नाही. फळी काढून टाका, स्पेनमध्ये ३१३ लोकांवर गाद्यांचा अभ्यास झाला २००३ मध्ये, कडक गादीपेक्षा मध्यम गादीवाल्यांची कंबर बरी राहिली.

पण तुम्ही एक लिहिलेलं नाही. आईंचं वजन उतरलंय काय, संध्याकाळी अंग गरम होतं काय, रात्री कूस बदलल्यावाचून पण दुखतं काय, एखाद्या जागी मणक्यावर बोट ठेवलं की ओरडतात काय, पूर्वी कॅन्सरची गाठ वगैरे? या वयात वाकल्याचं निमित्त होऊन ठिसूळ झालेला मणका दबतो, आणि मणक्याचा टीबी आपल्याकडं आजपण आहे, तो कंबरदुखी म्हणूनच महिनोन्‌महिने हिंडतो. यातलं एकाला जरी हो असेल तर या आठवड्यातच एक्सरे आणि रक्त तपासून घ्या. हाडवैद्याकडं त्याच्या आधी नको, आणि एक्सरेत मणका दबलेला निघाला तर नंतरपण नको.