टॅबवर दिवसभर काम करून मान आणि अंगठा दुखतो, कुठला बेल्ट घ्यावा?

बेल्टचं नंतर सांगते. तुम्ही लिहिलंय सर्व्हेचं काम आहे, टॅब डाव्या हातात धरून उजव्याने फॉर्म भरायचे, आणि साहेब म्हणतात "होईल सवय". ते वाचूनच डोकं सटकलं, नाहीतर मी इथे नुसती वाचून जाते.

मी नाशिकला दिंडोरी रोडवर द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला आहे. सीझनला, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, सगळं काम उभ्याने. आधी कागद होते, पॅड टेबलावर ठेवून लिहायचो. मग टॅब आले. प्लॉट नंबर, मण्यांची साईज, ब्रिक्स म्हणजे गोडी, पनेटचं म्हणजे द्राक्षाच्या छोट्या डब्याचं वजन, फोटो, सगळं त्यातच भरायचं आणि तो टेबलावर ठेवायचा नाही, का तर टेबल ओलं असतं. म्हणजे अंगठ्याच्या चिमटीत कोपरा पकडून उभं राहा. थोड्या दिवसांत अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ यायला लागली की घरी कुकरचं झाकण लावता येईना. सुपरवायझरला सांगितलं तर सगळ्या लाईनसमोर म्हणे, "ताई, अर्ध्या किलोचा तर टॅब, रात्री रील्स कमी बघा."

चहाच्या सुट्टीत मी अर्ध्या किलोचा भरलेला पनेट त्यांच्या हातात दिला. म्हटलं सर, हा असाच, एका कोपऱ्याला धरून, छातीसमोर, चहा संपेपर्यंत, कुठे टेकवायचा नाही. पोरी हसायला लागल्या. अर्धा कप झाला नाही तर कोपर बरगडीला टेकलं, मग कप खाली ठेवून दुसरा हात लावला. आणि आमच्या टॅबला वर ते जाड रबरी कव्हर, ते वेगळंच.

प्रश्न नुसत्या वजनाचा नसतो, एकाच पकडीत किती वेळ धरलंय त्याचाही असतो. त्यामुळे टॅब हातात धरायचाच नाही, स्टँडवर ठेवायचा, हे पहिलं. धरावाच लागला तर चिमटीत नको, मागे हाताचा पट्टा असलेलं कव्हर घ्या किंवा कोपरापासून पुढचा हात खाली आडवा घालून त्यावर टेकवा, आणि अधूनमधून हात बदला. लांबलचक शेरे लिहायचे असतील तर बोलून टाईप करा, मराठी आता बऱ्यापैकी उमटतं. मानेसाठी स्क्रीन वर उचला, पण उंच उभ्या केलेल्या स्क्रीनवर टाईप करत बसलात तर मान सुटते आणि खांदा धरतो, तिथे ब्लूटूथ कीबोर्डच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो ना तो खाली बघताना मानेवर 27 किलो भार येतो असा आकडा, तो न्यूयॉर्कच्या एका सर्जननी 2014 मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेला आहे आणि तोही मान 60 अंश खाली गेली तर. तेवढं दरवेळी कोण वाकतं? पण थोडी वाकलेली मानसुद्धा दिवसभर तशीच ठेवली तर दुखणारच.

आता बेल्ट. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच वाकवा, अंगठ्याच्या बाजूला जोरात कळ आली तर बहुतेक डी कर्वेन, म्हणजे अंगठा हलवणारे टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) जिथून जातात ते आवरण सुजलेलं. लहान बाळ सारखं उचलून आयांना होतं तेच. यात मेडिकलमधला साधा मनगटाचा बेल्ट उपयोगाचा नाही, कारण अंगठा मोकळाच राहतो, अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो. कंपनी कुठली ते मला विचारू नका.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. बोटं बधीर पडत असतील, मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असेल तर हे सगळं सोडा आणि ऑर्थोला दाखवा.

आणि स्टँड स्वतःच्या पैशाने अजिबात घेऊ नका. टॅब ऑफिसचा, तर स्टँडही ऑफिसचाच. आमच्या सरांनी शेवटी अंबडच्या एमआयडीसीतून पत्र्याचे तिरके स्टँड करून आणले, फक्त पहिल्या लाईनला. दुसऱ्या लाईनच्या पोरी अजून मागतायत, तर आता म्हणे बजेट नाही.