वजन उतरवायचंय? सुरुवातीला एवढंच

पहिल्याच दिवशी भात-पोळी बंद करू नका, ते टिकत नाही. पहिलं लक्ष्य ५ टक्के, म्हणजे ८० किलोला ४ किलो. वजन सकाळी पोट साफ झाल्यावर करा आणि आठवड्याची सरासरी बघा. मीठ-पाण्याने काटा रोज किलोभर हलतो. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा: पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

खरा घोळ संध्याकाळी होतो. ठाणे स्टेशनबाहेर वडापाव, वर घरी पूर्ण जेवण! लोकल पकडण्याआधी मूठभर चणे खा. जेवल्यावर तलावपाळीला फेरी मारा.

व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरांना वजन-कंबरेची हीच नोंद दाखवा, त्यांचा नोंदणी क्रमांक बघा. ‘दहा दिवसांत दहा किलो’चा मेसेज आला, की खाली पावडर कोण विकतंय ते आधी शोधा. मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको, साखर एकदम उतरते.