हात चांगला आहे, पण पैसे भरू नका

प्रश्न: माझा मुलगा बारावी आर्ट्‌स झालाय. कोल्हापुरात तालमीत होता, पण गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि कुस्ती सुटली. अजूनही पोरांना लचक किंवा उसण भरली की ती त्यालाच शोधत येतात, हातगुण आहे म्हणतात. आता त्याला पंधरा दिवसांचा ‘कपिंग, ॲक्युप्रेशर, नीडलिंग’ असा कोर्स करायचाय. फी चाळीस हजार. नावाआधी ‘डॉ.’ लावता येईल, असंही ते सांगतात. आम्ही शेतकरी माणसं. पैसे भरावेत का?
– एक वडील, कागल तालुका

नमस्कार. पैसे भरू नका, पण पोराला नाउमेदही करू नका.

त्याच्याकडे जे आहे ते पंधरा दिवसांत कुणी शिकवू शकत नाही. हौद्यात घाम गाळून आणि जोडीदारांची अंगं रगडून त्याच्या बोटांना कळायला लागलंय, की कुठला स्नायू नुसता दमलाय आणि कुठला आखडलाय. मालिशनं दुखणं हलकं होतं हे फक्त तालमीतच म्हणतात असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामासोबत मसाजही आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, मात्र सरसकट नको म्हटलंय.

त्याचं अडतंय ते दुसरीकडे. हात कधी लावायचा नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, आणि पोरगं म्हणतंय, ‘जरा रगड रे.’ तिथं शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. कंबर धरलीय, मांड्यांच्या मधे बधिर झालंय, लघवी कळत नाही, असं असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि मान कडकन वाजवून दाखवणाऱ्या रील्सपासून त्याला लांब ठेवा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याचे प्रकार क्वचित का होईना, घडलेत.

नीडलिंग म्हणजे सुया टोचणं, त्याचं तर नावच नको. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणीशिवाय सुया टोचत बसला तर उद्या पोलीस दारात येतील. पंधरा दिवसांत ‘डॉ.’ करून देणाऱ्यांना मी तरी सरळ फसवे म्हणतो.

मग करायचं काय? खरा भक्कम रस्ता फिजिओथेरपीचा, म्हणजे बीपीटीएच या पदवीचा. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते. आर्ट्‌सवाल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे विषय देता येतात, पण ते सोपं नाही. शिवाय पुढं साडेचार-पाच वर्षं. प्रवेशाची पात्रता प्रवेश देणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतच बघा, क्लासवाल्यांच्या तोंडी भरवशावर जाऊ नका.

एवढी वर्षं नको असतील तर पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत चौकशी करा. केंद्र सरकारची संस्था आहे, आणि तिथं उपचार सहायकांना वर्षभराचं प्रशिक्षण देतात. पंचकर्म टेक्निशियनचे कोर्सही आहेत. स्पाची नोकरी पटकन मिळते, पण पोरगं मातीतलं आहे, तिथं रमेल असं मला वाटत नाही.

त्याचं खरं मैदान खेळाचंच. भारतीय क्रीडा प्राधिकरण वेळोवेळी मसाजरच्या जागा काढतं. २०११ चा विश्वचषक जिंकला, तेव्हा भारतीय संघाबरोबर रमेश माने होते, ते मालिशवालेच. मात्र इथं एक नवं जोखमीचं काम डोक्यावर येतं. टेनिसपटू यानिक सिनर मार्च २०२४ मध्ये डोपिंग चाचणीत सापडला, तो मसाजमुळे. त्याच्या फिजिओनं बोटाला कापलं म्हणून एक स्प्रे मारला होता, त्यात क्लॉस्टेबॉल हे बंदी असलेलं औषध होतं. त्याच हातानं मालिश केली, आणि सिनरला पुढं तीन महिन्यांची बंदी घ्यावी लागली. मोठ्या पातळीवरच्या पैलवानांचीही चाचणी होते. घरगुती लेप, कुणीतरी दिलेलं अनोळखी मलम, हे असलं काही लावायची सवय आत्ताच मोडू दे.

अंगठ्यांबद्दलही त्याच्याशी बोला. दिवसाकाठी दहा जणांना नुसत्या अंगठ्यानं दाबत राहिला, तर अंगठ्याच्या बुडाचा सांधा कुरकुरायला लागेल. वजन खांद्यातून सोडायचं आणि कोपर व कोपरापुढचा हात वापरायचा, हे चांगला शिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतो. ज्या संस्थेत हे सांगत नाहीत, तिथून उठून यावं.

शेवटी त्याचा स्वतःचा गुडघा. हे दिवसभर उभं राहून, वाकून करायचं काम आहे. लिगामेंटचं नीट निदान झालंय का, पुढचे व्यायाम पूर्ण केलेत का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. आधी ऑर्थोपेडिककडे न्या, मग फिजिओकडे. काही आठवडे पेशंट म्हणून टेबलावर झोपला, की फिजिओचं काम आतून कसं असतं ते त्याला आपोआप दिसेल. सायन्सचा फॉर्म भरायचा की पुण्याला जायचं, ते त्यानंतर ठरवा.