सीरियातल्या गृहयुद्धात नक्की किती माणसं मारली गेली? कुठे साडेतीन लाख, कुठे सहा लाख. हे मोजतं कोण आणि कसं?

तुम्ही लिहिलंय की एका बातमीत साडेतीन लाख वाचलं, दुसरीत तीन लाख सहा हजार आणि तिसरीत सहा लाखांच्या वर, मग यातलं खोटं कोण बोलतंय? माझ्या मते कोणीच नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात आणि बातम्यांनी तिन्हींवर ‘मृतांचा आकडा’ असं एकच लेबल चिकटवलंय.

मी संख्याशास्त्र शिकले आहे आणि काही काळ सशस्त्र संघर्षांतल्या घटनांच्या नोंदी करण्याचं काम केलंय. त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

सुरुवात होते ती यादीपासून. मार्च २०११ मध्ये दरआ शहरात निदर्शनं सुरू झाली, गोळीबार झाला, आणि त्याच वसंतात स्थानिक कार्यकर्त्यांनी मेलेल्यांची नावं लिहायला घेतली. सरकारी आकड्यावर विश्वास ठेवायची कुणाची तयारी नव्हती आणि परदेशी पत्रकारांना आत येणं अवघड होतं. रज़ान ज़ैतूना या वकील बाईंनी सहकाऱ्यांबरोबर उल्लंघनांची नोंद ठेवणारं एक केंद्र उभं केलं. डिसेंबर २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या दूमामधून त्यांना आणि त्यांच्या तीन साथीदारांना पळवून नेलं गेलं, आणि तेही सरकारच्या नव्हे, तर सरकारविरोधी बंडखोरांच्या ताब्यातल्या गावातून. मृतांची यादी ठेवणं कुठल्याच बाजूला फारसं आवडत नाही, एवढं यावरून लक्षात यावं. याशिवाय ‘सीरियन नेटवर्क फॉर ह्यूमन राइट्स’ची यादी होती. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बसून सीरियातल्या खबऱ्यांच्या जाळ्यावर चालणारी ‘सीरियन ऑब्झर्वेटरी’ होती. आणखीही काही होते. सरकारनेसुद्धा सुरुवातीच्या काळापुरती एक यादी संयुक्त राष्ट्रांना दिली होती.

आता या सगळ्या याद्यांची बेरीज केली की झालं, असं वाटेल. तसं केलं तर उत्तर साफ चुकतं. जून २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयासाठी आकडेतज्ज्ञांच्या एका गटाने आठ ठिकाणच्या याद्या एकत्र केल्या. पूर्ण ओळख असलेल्या नोंदी भरल्या २,६३,०५५. त्यातून दुहेरी-तिहेरी नावं काढल्यावर माणसं उरली ९२,९०१. म्हणजे सरासरी एकेका माणसाची जवळजवळ तीन वेळा नोंद झाली होती.

ही दुहेरी नावं काढणं हेच खरं कष्टाचं काम. अरबी नाव आपल्यासारखंच स्वतःचं, वडिलांचं आणि घराण्याचं मिळून होतं. एका यादीत तिन्ही असतात, दुसरीत वडिलांचं गळालेलं असतं. तारीख एकाने मृत्यूची लिहिलेली, दुसऱ्याने दफनाची, तिसऱ्याने बातमी पोचली त्या दिवशीची. जागेचंही तसंच. माणूस हमामधल्या खेड्यातला, मेला इदलिबच्या दवाखान्यात, तर कोण काय लिहील? उलट बाजूने पाहा. एकाच घरावर बॉम्ब पडला, त्यात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ गेले, तर ती दुबार नोंद नव्हे, ती खरोखर दोन माणसं. म्हणून आधी अरबी जाणणारी माणसं हजारो जोड्या डोळ्यांनी तपासतात, ‘हा तोच’ किंवा ‘हा वेगळा’ असं ठरवतात, आणि त्या निवाड्यांवरून शिकलेला संगणक उरलेल्या लाखो जोड्या जुळवतो. निवाडा शेवटी माणसाचाच.

शिवाय चाळणी कडक असते. पूर्ण नाव, तारीख आणि ठिकाण, तिन्ही असेल तरच नोंद धरायची. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याचं तान्हं बाळ’, ‘अनोळखी मृतदेह’ अशा नोंदी बाजूला पडतात. त्या २०१३ च्या मोजणीत अपुऱ्या माहितीमुळे बाजूला ठेवलेल्या नोंदी होत्या ३७,९८८. त्यांतले काही जण दुसऱ्या यादीत पूर्ण नावाने आले असतील, काही कुठेच आले नसतील. बायका आणि लहान मुलं आकड्यात कमी दिसण्याचं एक कारण इथे आहे, असं माझं मत.

तुम्ही वाचलेल्या साडेतीन लाखांचा उगम इथलाच. जानेवारी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आकडा अद्ययावत करणं थांबवलं, कारण माहिती तपासून घेता येईना. त्या उन्हाळ्यात १,९१,३६९ चा आणखी एक आकडा आला आणि मग कित्येक वर्षं काहीच नाही. मधल्या काळात २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत स्टाफान दे मिस्तुरा यांनी चार लाख असा आकडा सांगितला, पण तो त्यांचा स्वतःचा अंदाज असल्याचं त्यांनीच स्पष्ट केलं होतं. तरी तो पुढे वर्षानुवर्षं ‘संयुक्त राष्ट्रांचा आकडा’ म्हणून फिरत राहिला! शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये दहा वर्षांचा हिशोब आला: ३,५०,२०९. सगळे नावानिशी, तारीख-ठिकाणासह. यात सैनिकही आले, बंडखोरही, सामान्य नागरिकही. कार्यालयाने तेव्हाच बजावलं होतं की हा किमान आकडा आहे, खरा यापेक्षा नक्की जास्त.

मग पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, ३,०६,८८७ कसा आला? मेलेले कमी झाले का? नाही. हा आकडा फक्त नागरिकांचा आहे, लढणारे यात नाहीत. आणि हा याद्यांचा नाही, अंदाजाचा आहे. यातल्या १,४३,३५० नागरिकांची तपशीलवार नोंद होती. उरलेले १,६३,५३७ कुठल्याच यादीत पुरेशा तपशिलाने नव्हते, ते गणिताने काढलेले.

‘गणिताने काढलेले’ म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून सांगते. समजा गावच्या जत्रेला किती लोक आले हे कुणालाच माहीत नाही. देवळाच्या एका दाराशी बसलेल्या माणसाने २०० नावं लिहिली, दुसऱ्या दाराशी बसलेल्याने १५०. दोन्ही वह्यांत समाईक नावं निघाली फक्त ३०. दुसऱ्याच्या वहीतला दर पाचवा माणूसच पहिल्याला दिसला होता, म्हणजे पहिल्याने गर्दीचा पाचवा हिस्साच पकडला. मग गर्दी साधारण हजाराची. समाईक नावं १२० असती तर गर्दी अडीचशेचीच निघाली असती. याद्या एकमेकींवर जितक्या जास्त चढतात, तितकं न दिसलेलं थोडं, आणि जितक्या कमी, तितकं न दिसलेलं फार.

यात गृहीतक आहे, आणि ते युद्धात सरळ मोडतं. दोन्ही वह्या स्वतंत्र हव्यात. सीरियातले कार्यकर्ते एकमेकांकडून नावं घेत असत. उलट एखाद्या गटाकडे जाणारी कुटुंबं दुसऱ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. म्हणून दोन याद्यांवर कोणी शहाणा माणूस थांबत नाही. तीन-चार किंवा अधिक याद्या घेऊन, प्रांत आणि काळ यांचे तुकडे पाडून हिशोब करतात, आणि उत्तर एक आकडा न देता पट्टा देतात. सीरियाच्या बाबतीत तो पट्टा साधारण २ लाख ८१ हजार ते ३ लाख ३८ हजार असा होता. बातमीत पट्टा गळतो आणि मधला आकडा एककापर्यंत अचूक असल्यासारखा छापला जातो. मला याचा फार राग येतो.

सहा लाखांच्या वरचा आकडा ऑब्झर्वेटरीचा. त्यात सगळ्या बाजूंचे लढणारे आहेत, परदेशातून आलेलेही. नावानिशी पटलेल्या सुमारे पाच लाखांच्या जोडीला, ज्यांचे पुरावे पुरते हाती आले नाहीत अशांचा त्यांनी धरलेला अंदाजही आहे. पद्धत वेगळी, काळही अधिक लांबचा. त्याची वरच्या दोघांशी तुलनाच करू नये.

तुरुंगांचा विषय यात सगळ्यात अवघड. बाजारात बॉम्ब पडला तर पन्नास साक्षीदार असतात, कोठडीत एकही नसतो. सैदनाया तुरुंगात २०११ ते २०१५ या काळात १३,००० पर्यंत लोकांना फाशी दिल्याचा अंदाज ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने २०१७ मध्ये मांडला. ‘सीझर’ या टोपणनावाच्या लष्करी छायाचित्रकाराने बाहेर आणलेल्या हजारो फोटोंत क्रमांक लावलेले मृतदेह होते. ह्यूमन राइट्स वॉचने ते तपासून कोठडीत मेलेले किमान ६,७८६ जण मोजले. २०१८ मध्ये तर सरकारी जन्म-मृत्यू नोंदणीत गुपचूप नोंदी होऊ लागल्या. घरची माणसं भलत्याच कामासाठी दाखला काढायला जायची आणि मुलगा काही वर्षांपूर्वीच ‘हृदयविकाराने’ गेल्याचं तिथे त्यांना कळायचं. ८ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष असद देश सोडून पळाल्यावर तुरुंगांची दारं उघडली. लाखाच्या वर लोक बेपत्ता आहेत असं मानलं जातं. त्यांतले किती मृतांच्या आकड्यात मिळवायचे, हे ठरायला अजून बरीच वर्षं लागतील.

आता मी ज्या बाजूला काम केलं ती. काही संस्था माणूस न मोजता घटना मोजतात: कुठे, कधी, कुणी कुणावर, किती ठार, स्रोत कोणता. ॲक्लेड आणि स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा प्रकल्प ही मोठी नावं. उप्सालाच्या हिशोबात वर्षाला २५ जण लढाईत मेले की संघर्ष, १,००० झाले की युद्ध. रोजच्या बातम्या, निवेदनं, स्थानिक वार्ताहरांचे संदेश वाचून रकाने भरायचे. बातमी ‘डझनावारी ठार’ म्हणते, रकान्यात संख्या हवी असते. ॲक्लेडचा नियम सावध आहे: अशा वेळी १२ लिहा, ‘शेकडो’ असेल तर १००. नियम हवाच, नाहीतर दहा नोंदकर्ते दहा आकडे लिहितील. पण त्या बारांत खरे बारा कधीच नसतात, हे रकाना भरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. सीरिया तर इतका गुंतागुंतीचा होता की उप्सालाच्या घटनानिहाय संचात तो कित्येक वर्षं घेतलाच नव्हता.

घटना मोजण्यात एक मोठा धोका आहे. मोठा स्फोट दहा ठिकाणी छापून येतो, नाक्यावर उतरवून मारलेला एकटा माणूस कुठेच येत नाही. आणि नोंद करणारे पळाले, मेले किंवा इंटरनेट बंद पडलं की नोंदी कमी होतात. आलेख खाली येतो, विश्लेषक लिहितात ‘हिंसाचार ओसरला’. ओसरलंय ते वार्तांकन. म्हणून ‘या महिन्यात मृत्यू निम्म्यावर’ अशी बातमी आली की मी आधी बघते, तिथून खबर देणारे अजून तिथे आहेत का.

आकडा नेहमी वरच जातो असंही नाही. बोस्नियात युद्धानंतर दोन लाख हा आकडा सगळे सांगत. साराजेवोच्या मिरसाद तोकाचा यांच्या केंद्राने एकेक नाव गोळा केलं आणि २००७ मध्ये जाहीर केलं: ९७,२०७. लोक भडकले, नरसंहार लहान करून दाखवताय म्हणाले. पण त्याच यादीतून मारल्या गेलेल्या नागरिकांपैकी सुमारे ८३ टक्के बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुसलमान, असल्याचं नावानिशी दिसलं. आकडा निम्मा झाला, आरोप मात्र पक्का झाला. पेरूत याच्या उलट घडलं. तिथल्या अंतर्गत संघर्षातल्या मृतांचा शोध घेणाऱ्या सत्य आयोगाने २००३ मध्ये जत्रेच्या वह्यांसारख्याच पद्धतीने काढलेला अंदाज ६९,२८० निघाला, तोवर मानत होते त्याच्या दुपटीहून जास्त. मेलेल्यांत चारांतले तिघे क्वेचुआ किंवा तिथल्या इतर मूळ भाषा बोलणारे लोक होते, राजधानी लिमाला त्यांचा पत्ताच नव्हता. त्या अंदाजावर पुढे संख्याशास्त्रज्ञांत वाद झाले, आजही होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

या सगळ्यात जे धरलंय ते थेट हिंसेने मेलेले. इन्सुलिन मिळालं नाही, डायलिसिसचं केंद्र बॉम्बने गेलं, वेढ्यात दूध संपलं, असे मृत्यू वरच्या तिन्ही आकड्यांत जवळजवळ नाहीत. त्यांच्यासाठी घरोघर सर्वेक्षण लागतं, आणि इराकमध्ये २००६ साली अशा सर्वेक्षणातून साडेसहा लाखांचा आकडा आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तो वेगळ्या उत्तराचा विषय.

तुम्ही खाली विचारलंय की कॉलेजच्या निबंधात कोणता आकडा टाकू. असं लिहा: मार्च २०११ ते मार्च २०२१ या काळात नावानिशी नोंदलेले किमान ३,५०,२०९ मृत्यू, लढणाऱ्यांसह. त्याच काळात मारल्या गेलेल्या नागरिकांचा अंदाज सुमारे ३ लाख ७ हजार, पट्ट्यासह. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचे. सहा लाखांचा द्यायचा असेल तर ऑब्झर्वेटरीचं नाव आणि साल सोबत द्या. या तिघांची सरासरी मात्र कृपा करून काढू नका. मी ती एका छापील लेखात पाहिली आहे.