सगळ्या गाड्या दहाच्या ठोक्यालाच?

सोसायटीतल्या ईव्ही चार्जिंगबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येताहेत, म्हणून एकत्र उत्तरे.

गाडीसोबत आलेला चार्जर एक्स्टेंशन बोर्डावर लावला तर चालेल?
नाही. 15 अँपिअर तासन् तास वाहिले की सॉकेटची पकड सैल होते, काळी पडते आणि वितळते.

पार्किंग मीटररूमपासून 60 मीटरवर आहे. वायरमन म्हणतो, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर पुरते.
पुरत नाही. 15 अँपिअरला 13 व्होल्ट वाटेतच जातात. 6 स्क्वेअरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच; स्वस्तातला ‘टाइप एसी’ नको) आणि तपासलेले अर्थिंग घ्या. डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्येच नसेल, तर टाइप बी आरसीसीबी. लायसन्सधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

आमच्या 48 फ्लॅटमध्ये लवकरच 30 गाड्या होतील. 315 केव्हीएची डीपी (रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) तीन सोसायट्यांना आहे. झेपेल? विक्रेता तर सगळ्यांना 7.2 किलोवॅटचे चार्जर घ्या म्हणतो.
विक्रेत्याला डीपी दिसत नाही. तिची क्षमता दर फेजला (तिच्यातून येणाऱ्या तीन वीजवाहिन्यांपैकी प्रत्येकीला) सुमारे 420 अँपिअर. 3.3 किलोवॅटचे 30 चार्जर एकदम चालू झाले तर फेजला साधारण 143 लागतात, 7.2 चे असतील तर 313, आणि मग बाकीच्या दोन सोसायट्यांनी एसी बंद ठेवायचे? रोज 30 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला 4-5 युनिटच लागतात, म्हणजे 3.3 वर जेमतेम दीड तास.

खरी गोची वेळेची आहे. ‘रात्री दहानंतर लावा’ असा मेसेज ग्रुपवर फिरतो आणि तीसही टायमर एकाच मिनिटाला सुरू होतात. ब्रिटनच्या 2021 च्या नियमांनी याच कारणासाठी चार्जरमध्ये काही मिनिटांचा यादृच्छिक विलंब सक्तीचा केला. शिवाय रोहित्र रात्री थंड व्हायचे, तो विसावाही जातो. तापमान वाढले की त्याच्या कॉइलवरच्या साध्या कागदाचे आयुष्य दर 6 अंशांना निम्मे होते. त्यात वायरमन जवळची म्हणून सगळी कनेक्शन तीनपैकी एकाच, आर फेजवर टाकतो. न्यूट्रल (तिन्ही फेजची सामाईक परतीची वायर) तुटला की हलक्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज चढते आणि टीव्ही जळतात.

म्हणून चार्जर तिन्ही फेजवर वाटा, एकूण लोडला मर्यादा घालणारी लोड मॅनेजमेंट यंत्रणा घ्या, आणि पहिली वायर ओढण्याआधी महावितरणच्या उपविभागात डीपीवरचा सध्याचा लोड विचारा. तिसाव्या गाडीनंतर नव्हे.

प्रत्येकाच्या मीटरवरून घ्यावे की वेगळी जोडणी?
2024 च्या नियमदुरुस्तीनंतर ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते. दर वेगळा लागतो. लेखी विचारून मगच ठराव करा.